पाच घरांचा उपवास

जळगाव जामोद
१२ जानेवारी २०२४

आदरणीय देवानंदमामा,
सप्रेम जयभीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, रागावू नका. फोनवर तुम्ही नुसतं 'हाव, हाव' म्हणता आणि तुम्हाला अर्धंही ऐकू आलेलं नसतं, हे मामींनी मला कधीच सांगून टाकलंय. हा विषय अर्धा ऐकण्यासारखा नाही.

आम्ही बिल्डिंग घेतोय. फ्लॅट नाही, अख्खी बिल्डिंग. चिखलीत, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. तळाला दोन आणि वर तीन-तीन अशी आठ घरं, आठही भाड्याने गेलेली. मालक गुलाबराव नावाचे आहेत. त्यांची दोन्ही मुलं पुण्याची झाली, म्हणून विकायची आहे. आमचा इथला प्लॉट, दवाखान्यातल्या माझ्या चौदा वर्षांच्या नर्सगिरीची शिल्लक, धम्मरत्नच्या कॉलेजच्या पगारावर मिळणारं कर्ज, असं सगळं एकत्र केलं की जेमतेम जमतं.

आपल्या नात्यात बिल्डिंगचे मालक झालेले तुम्ही एकटे. पंधरा वर्षं खामगावात सहा घरं चालवताय आणि कधी एक शब्द बोलला नाहीत. आई म्हणते, "देवानं बिल्डिंग घेतली अन् तोंडाले कुलूप लावलं." आता कुलूप काढा. आम्ही दोघंही नवशिके आहोत. काय बघायचं, कोणाला विचारायचं, कशाला भुलायचं नाही, सगळं लिहा.

एक गोष्ट मात्र ठरलेली आहे, तिच्यावर सल्ला नको. बिल्डिंगवर आईचं नाव लागणार. चिखलीतच तिने बारा वर्षं घमेली वाहिली. तुमच्या कॉलेजची फीसुद्धा त्याच घमेल्यांतून गेली, असं तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं.

तुमची,
महामाया

*

खामगाव
२० जानेवारी २०२४

चि. महामाया,
मंगल कामना.

पत्र दोनदा वाचलं. विचारलंस ते क्रमाने लिहितो. डेपोत हेडक्लार्क होतो, सवय गेलेली नाही.

जानेवारीत बिल्डिंग पाहून इसार देऊ नका. जानेवारीत सगळ्या बोअरला पाणी असतं. मे महिन्यात टँकर येतो का, हे मालकाला विचारून उपयोग नाही, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याच्याकडून आधी दोनशे रुपयांचं सामान घ्या, मग विचारा.

गच्चीवर स्वतः जा. टाकीच्या खालचा पोपडा नखाने उकरून बघ. खालच्या मजल्याला दिलेला नवा रंग म्हणजे जुनी ओल समजायची. मंजूर नकाशात तीन मजले आहेत का, की तिसरा नंतर चढवलाय, हे वकिलाकडून बघून घ्या. आठ घरांची आठ वीजमीटरं पाहिजेत. भाडेकरूंची अनामत रक्कम कोण परत करणार, हे खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी 'पाहून घेऊ' म्हणणारा माणूस नंतर दिसत नाही.

भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा नको, दहाचा धरा. दोन घरं रिकामी पडली तरी हप्ता जाईल एवढंच कर्ज काढा. पहिलं वर्षभर काही बदलू नका, नळसुद्धा नाही. गळतो तो दुरुस्त करा.

आता शेवटचं. तुम्ही दोघं भाडेकरूंसमोर जाऊ नका. एक भरवशाचा माणूस ठेवा, भाडं तो आणेल, तक्रारी तो ऐकेल. मालक हाताशी सापडला की लोक जेवत्या ताटावरून उठवतात. आणि बिल्डिंगचं जुनं नाव आहे तेच राहू द्या. अक्काच्या नावावर सल्ला नको म्हणालीस, तरी लिहिलं.

तुझा,
मामा

*

जळगाव जामोद
३ मार्च २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र धम्मरत्नने लॅमिनेट करायचं बाकी ठेवलंय. किराणावाल्याकडून दोनशेचं सामान घेतलं, तेव्हा कळलं की बोअर मेमध्ये पंधरा दिवस दगा देतो. गच्चीवर गेले, नखाने उकरलं, ओल निघाली. गुलाबरावांना दाखवली तर हसून म्हणाले, "मॅडम, तुमाले कोनंतरी शिकवून पाठवलं." टाकी दुरुस्त करून देतो म्हणाले आणि किमतीतही थोडं उतरले. तिसरा मजला नकाशात आहे. अनामतीचं कलम लिहून घेतलं. इसार दिला.

माणूस भला वाटला. त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, चहा दिला. नाव-गाव विचारलं, आम्ही सांगितलं. त्यावर गुलाबराव म्हणाले, "माझं काई नाई. माझा व्यवहार झाला की मी मोकळा. पन भाडेकरूंले आत्ताच काई सांगू नका, खरेदी होऊ द्या." मलाही ते पटलं, उगाच अफवा नकोत.

पण तुमचा तो माणूस ठेवायचा सल्ला कळला नाही. आठ घरांना कशाला माणूस? मी रोज साठ पेशंट सांभाळते, आठ कुटुंबं सांभाळता येणार नाहीत? मामा, हे मोठेपण तुम्हाला शोभतं, आम्हाला नाही. मी तर खरेदी झाली की सगळ्यांना गच्चीवर बोलावून चहा पाजणार आहे.

पाटीचा कारागीर पाहिला. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं. वर 'तानाबाई सदन', खाली लहान अक्षरांत 'धम्मरत्न व महामाया हिवराळे'.

तुमची,
महामाया

*

खामगाव
११ मार्च २०२४

चि. महामाया,

थोडक्यात लिहितो. पाटी एक वर्ष थांबव. घडवून घे, पैसे देऊन टाक, पण घरात ठेव. गुलाबराव तयार असतील तर वर्षभर मालक म्हणून त्यांनाच मिरवू द्या. नवा मालक म्हटलं की भाडेकरू बुजतात. ओळख झाल्यावर सांगितलं तर चालतं.

मोठेपणाचं म्हणालीस. तसं नाही.

मामा

*

जळगाव जामोद
२० जून २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

खरेदी झाली, पाटी लागली, चहाही झाला. तुमचं ऐकलं नाही. आता रागावून उपयोग नाही, पेढे पाठवते आहे.

आईला आणायचं होतं, पण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन आठच दिवसांपूर्वी झालेलं. अमडापूरला खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, "माह्या नावाची बिल्डिंग हाय चिखलीत." पायऱ्या चढता यायला लागल्या की पहिली तिथे नेणार.

मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या टाकल्या. आठपैकी सात घरं आली. मी स्वतः चहा केला, वेलची घालून. पण आमचाच बावळटपणा झाला. मंगळवार निवडला आणि पाच घरांत उपवास निघाला. चहासुद्धा चालत नाही म्हणाले, पाणीही नको. पेढ्यांचे पुडे मात्र बंद होते ते घेऊन गेले. दोन घरं चहा प्यायली. पहिल्या मजल्यावरचा शिवम नावाचा बँकेतला मुलगा तर दोन कप प्यायला. पाटी सगळ्यांनी वाचली. एक बाई म्हणाल्या, "नाव छान आहे हो, तुमच्या सासूबाई का?" मी म्हटलं, "आई." त्या म्हणाल्या, "असं असं."

पुढच्या वेळी वार बघून बोलावीन.

तुमची,
महामाया

*

खामगाव
२८ जून २०२४

चि. महामाया,

पाच घरांना पाण्याचाही उपवास होता, हे तू खरोखर मानलंस की मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, ते कळत नाही. तू नर्स आहेस. उपवासाचा माणूस चहा पितो हे तुला माहीत आहे.

मी जानेवारीतच लिहायला हवं होतं. लिहिताना लाज वाटली म्हणून जेवत्या ताटाचं कारण लिहिलं. आता वाच.

२००९ मध्ये बिल्डिंग घेतली तेव्हा मीही सत्यनारायण न घालता नुसते पेढे वाटले. कुणीतरी डेपोत चौकशी करून आलं. दुसऱ्या महिन्यात दोन घरं गेली. एकाची बदली झाली, एकाच्या आईला जिना चढवेना. ती आई नंतर मला बाजारातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून उतरताना दिसली. पाठोपाठ तिसरंही गेलं आणि चार महिने तीन घरं रिकामी होती. हप्ता पगारातून जायचा, घरी वरणात पाणी वाढत गेलं.

शेषराव आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. मोठ्या घरचा, झुपकेदार मिशांचा. एक दिवस म्हणाला, "देवा, मी मालक म्हणून उभा राह्यतो. माहं काय जाते?" मी उरलेल्या जुन्या भाडेकरूंना काढलं, नवे घेतले आणि शेषराव मालक झाला. पैसा त्याने कधी घेतला नाही, दिवाळीला धोतरजोडी तेवढी. भाडेकरार कधी केला नाही, कागद केला असता तर नाव आलं असतं. वीजबिलावर आजही जुन्याच मालकाचं नाव आहे. देवानंद हे नाव कोणाचंही असू शकतं आणि वानखडे आडनावही दोन्हीकडे चालतं. मी शेषरावांचा हिशेबनीस.

पंधरा वर्षं लोक मला माझ्याच जिन्यात थांबवून म्हणतात, "देवानंदभाऊ, मालकाले सांगा नं, मोरी तुंबली." मी म्हणतो, "सांगतो." मग मीच प्लंबर आणतो आणि शेषराव फोनवर त्यांचे आभार घेतो.

हा माझा सल्ला होता. पाटी उतरव.

मामा

*

जळगाव जामोद
१६ ऑक्टोबर २०२४

मामा,
जयभीम.

चार घरं गेली. कारणं अशी : मुलाची शाळा लांब पडते, वास्तूत दोष आहे, गावाकडे आई एकटी आहे, आणि एकाने कारणच दिलं नाही, किल्ली किराणावाल्याकडे ठेवली. नवं गिऱ्हाईक एजंट आणतो, ज्ञानेश्वर नावाचा. लोक घर बघतात, नळ सोडून बघतात, खुश होतात आणि खाली येऊन पाटी वाचतात. 'घरी विचारून सांगतो.' ज्ञानेश्वर मला म्हणाला, "मॅडम, माझं काहीच नाही हो. मी तुमच्या घरी जेवतो सुद्धा. पण गिऱ्हाईकाचं काय करू? पाटी तेवढी उतरवा, आठ दिवसांत चारही घरं भरून देतो."

मी त्याला हाकललं. आपल्यातलेच बघ म्हटलं. तसं एक मास्तरांचं कुटुंब आलं होतं. ते म्हणाले, इथे उरलेले लोक कसे वागतील सांगता येत नाही, मुली मोठ्या आहेत.

उपवासाचं म्हणालात. मी ते मानलं नव्हतं. त्या रात्री उरलेला सगळा चहा मी मोरीत ओतला आणि तुम्हाला तसं लिहिलं, कारण तुम्ही 'सांगितलं होतं' म्हणाल याची भीती होती.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. मागच्या आठवड्यात आईकडे गेले होते. तुमचं जूनचं पत्र तिला वाचून दाखवलं. वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "मले माईत हाय." मग तिने सांगितलं.

२०११ च्या उन्हाळ्यात ती तुमची बिल्डिंग बघायला आली होती, पिशवीत कुरड्या-पापड घेऊन. तुम्ही जिन्यात होता. तळमजल्यावरच्या बाईने विचारलं, "ही कोण?" तुम्ही म्हणालात, "काम मागायले आली." ती बाई म्हणाली, बरं झालं, आमची आज आली नाही. आणि आईने तिची भांडी घासली, मामा. तुमच्या बहिणीने, तुमच्या बिल्डिंगच्या मोरीत बसून. तुम्ही वरच्या मजल्यावर निघून गेलात.

आई सांगत होती, "तिनं ईस रुपये देल्ले. मी घेतले. नसते घेतले त तिले शक आला असता नं देवाचा." तेरा वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नाही.

मला तुमचा सल्ला नको. चार घरं रिकामी राहिली तरी पाटी राहील. हप्त्यासाठी मी बांगड्या मोडल्या आहेत.

महामाया

*

खामगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. महामाया,
मंगल कामना.

तुझं पत्र साडेतीन महिने टेबलाच्या खणात होतं. अक्का म्हणाली ते सगळं खरं आहे. मी वर गेलो आणि भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत खाली आलो नाही.

९ जानेवारीला शेषराव गेला, झोपेतच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या छायाबाई वर्गणीची वही घेऊन माझ्याकडे आल्या. अकरा वर्षं राहतात, दर महिन्याला त्यांच्याकडे माझा चहा ठरलेला. म्हणाल्या, "देवानंदभाऊ, मालकांचा फोटो जिन्यात लावायचा आहे. तुम्ही तर त्यांच्या मिठाला जागलेले, तुमचं नाव पहिलं घालते." मी वर्गणी दिली. खिळा ठोकताना स्टूलही मीच धरलं. माझ्या बिल्डिंगमध्ये मालकाचा फोटो लागला, हार घातला आणि सगळ्यांबरोबर मी हात जोडले. त्याच्यासाठी हात जोडायला मला काही वाटलं नाही, तो देवमाणूस होता. पण खाली उतरताना जिना संपेना.

मग २६ जानेवारी आली. दरवर्षी गच्चीवर शेषराव झेंडा लावायचा. या वर्षी सगळे जमले आणि चर्चा सुरू झाली, की मालकाच्या मुलाला नागपूरहून बोलवायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "मी लावतो."

छायाबाईंचे यजमान म्हणाले, "तुमी काऊन लावता?"

"बिल्डिंग माझी आहे."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "भाऊ, मालक गेल्याचं लई मनावर घेतलं तुमी." मी खिशातून घरपट्टीच्या पंधरा वर्षांच्या पावत्या काढल्या. घरूनच घेऊन निघालो होतो. त्या हातोहात फिरल्या. मग मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, समाज सांगितला. आणि झेंडा लावला. राष्ट्रगीत सगळ्यांनी म्हटलं, त्यात कमी केलं नाही.

खाली आल्यावर छायाबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं आमच्या कपात चहा पिलात आणि सांगितलं नाही? याला फसवणूक म्हणतात." मी म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात जातीपातीचं काही नाही, तुम्हाला माहीत आहे. पण खोटं बोललेलं आम्हाला खपत नाही."

महिनाअखेर तीन घरांनी सोडतो म्हणून सांगितलं. छायाबाई त्यांत आहेत. खोटं न खपणारी तीन घरं.

पेन्शनमध्ये आमचं भागतं, आता हप्ताही राहिलेला नाही. तुझं तसं नव्हतं, तरी तू उभी राहिलीस. मला हे पासष्टाव्या वर्षी जमलं, ते तुझ्या त्या पत्रामुळे. हे अक्काला वाचून दाखव. तिच्या तोंडाकडे पाहून माफी मागायची हिंमत अजून नाही, पण येतो. रविवारी, १६ तारखेला, सकाळच्या एस.टी.ने अमडापूरला जातो, अक्काला घेतो आणि चिखलीला येतो. गुडघा बरा आहे असं ऐकतो. तिच्या नावाची पाटी दोघांनी मिळून बघायची आहे.

तुझा,
मामा

*

जळगाव जामोद
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी अमडापूरला जाऊन आईला वाचून दाखवलं. तिने तीनदा वाचायला लावलं. झेंड्याची जागा आली की "थांब" म्हणायची, पदराने तोंड पुसायची आणि मग "हं" म्हणायची. शेवटी म्हणाली, "देवा मोठा झाला आता." नंतर शेजारच्या सरस्वतीबाईंना हाक मारून तेच पुन्हा सांगितलं.

मामा, पाटी १२ जानेवारीला उतरवली.

डिसेंबरचा हप्ता चुकला होता. जानेवारीचा चुकला असता तर बँकेचा माणूस धम्मरत्नच्या कॉलेजात आला असता. आणखी दोन घरं जाणार होती. मी ज्ञानेश्वरला फोन केला. तो आला, बरोबर छिन्नी-हातोडी घेऊनच. गुलाबराव मालक म्हणून राहायला तयार झाले, महिन्याला थोडे पैसे घेतील. त्यांची जुनी पाटी मीटरच्या खोलीत पडलेली होती, ती पुसून लावली. नऊ दिवसांत चारही घरं भरली. पाचव्या घरासाठी लोक विचारत होते. तुमचा पहिला सल्ला बरोबर होता, एकूण एक.

शिवम, तो दोन कप पिणारा मुलगा, खाली उभा राहून पाटी काढताना बघत होता. मला वाटतं, तोही सोडून जाईल.

मी चिखलीला जाते तेव्हा नव्या भाडेकरूंना वाटतं, मी दवाखान्याकडून येते, लहान मुलांचे डोस बघायला. मी तसं सांगितलेलं नाही. कुणीतरी विचारलं आणि मी नाही म्हटलं नाही, एवढंच.

आईला यातलं काही माहीत नाही. शनिवारी सांगायचं ठरवून गेले होते. पण तुमचं पत्र वाचून झाल्यावर तिने ट्रंकेतून माझ्या लग्नातलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "आईतवारी देवा येते नं? हे नेसतो. पाटीखाली दोघा भयीन-भावाचा फोटो काढजो." तिला वाचता येत नाही, पण साक्षरतेच्या वर्गात ती आपलं नाव लिहायला शिकली आहे. तेवढी चार अक्षरं ती कुठेही ओळखते. दुसरी पाटी दाखवून भागणार नाही.

रविवारी भाडेकरू सगळे घरी असतात. तुम्ही दोघं तिथे उभे राहिलात, आईने पाटी कुठे आहे म्हणून विचारलं, तर मोठ्याने विचारेल. गुडघ्यामुळे ती जिन्यावरच बसेल. लोक बाहेर येतील.

तुम्ही रविवारी येऊ नका, मामा. आईला कळवा की तब्येत बरी नाही, किंवा मामी आजारी आहेत, किंवा जे सुचेल ते. माझं ती लगेच ओळखते. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. आता तर जास्तच.

मला माहीत आहे, मी काय मागते आहे. हप्ता पाच तारखेला असतो आणि अजून अकरा वर्षं आहेत.

पत्र बुधवारपर्यंत पोहोचेल. तिला गुरुवारच्या आत कळलं पाहिजे, नाहीतर ती लुगड्याला इस्त्री करून आणायला पाठवेल.

तुमची,
महामाया